सुशीचा डोळा

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुशीच्या, डाव्या डोळ्यात चुना उडाला. एवढं आमच्या भिंगारच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

नव्वदच्या पुढची सुरुवातीची वर्षं. मी नुकताच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. जयंतीसाठी घर पांढरं करायचं होतं. सुशी ओट्यावर डब्यात कळीचा चुना भिजवत होती. तो फसफसून वर आला आणि —

"दादा, लई आग व्हतीय. पानी दे."

आई कळशी घेऊन धावली. मी तिचा हात धरला. का? त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं — कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की उष्णता निघते. अल्कात आम्ल मिसळलं की क्षार आणि पाणी तयार होतं.

"पाणी नको. लिंबू आण," मी म्हणालो.

घरात लिंबू नव्हतं. आई समोरच्या घरून मागून आणेपर्यंत सुशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाणी मागत राहिली. मी दिलं नाही. मग तिच्या डोळ्यात लिंबू पिळलं.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं — लगेच पाणी ओतलं असतं, ओतत राहिला असतात, तर डोळा राहिला असता. आत सुशीनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, लिंबामुळं दुसरा डोळा वाचला.

तिनं ते खरं मानलं. लग्न उशिरा झालं, बिजवराशी. नवऱ्याला हसून ऐकवायची, "माझा दादा मास्तर व्हता म्हनून एक तरी राह्यला. तुमी असता तर दोन्ही घालवले असते." शेजारणींनाही सांगायची, चुना कालवताना लिंबू जवळ ठेवा. मी तिथंच बसलेला असायचो. एक वाक्य पुरलं असतं, नाही का? मी चहा पीत राहायचो. आई मात्र उठून आत जायची.

निवृत्त होईपर्यंत मी तोच धडा शिकवला. पोरांना बजावायचो — काहीही उडालं तरी आधी पाणी, भरपूर पाणी. सुशीच्या दारी जाऊन तेवढंच बोलणं मला जमलं नाही.

आई केव्हाच गेली. सुशी गेल्या वर्षी गेली — मला दुवा देत. ओट्यावरच्या तिघांपैकी आता मी उरलो आहे.