रिकाम्या गावातली प्रार्थना

माझ्या आईचं माहेर भूमच्या पश्चिमेला, बार्शीच्या वाटेवर. गाव साठ-सत्तर उंबऱ्यांचं. त्या गावात प्रेमाबाई नावाची एक बाई जात्यांना टाकी लावायचं काम करायची. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात, मग पीठ नीट पडत नाही. तेव्हा छिन्नी-हातोडीनं त्या पुन्हा खरबरीत कराव्या लागतात. आधी हे काम तिचा नवरा शिमोन करायचा. तो गेल्यावर त्याची हत्यारं तिनं उचलली. मी तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. पुढं जे सांगतोय ते थोडं तिच्या तोंडून ऐकलेलं, थोडं माझे आजोबा महालिंगप्पा यांच्याकडून.

प्रेमाबाईचं घर गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला होतं. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. तिची सासू गजराबाई तरुणपणी एका दुष्काळात बार्शीला खडी फोडायला गेली होती. तिथं ती बाळंतपणात मरणाच्या दारी पोचली, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या बायांनी तिला वाचवलं. तिथून ती परत आली ती येशूला आपला मानूनच. गावात ख्रिस्ती देऊळ नाही, तिला वाचता येत नाही, आणि बार्शीचे पाळकसाहेब महिना-दोन महिन्यांनी सायकलवर यायचे. मग गजराबाईनं आपली एक रीत पाडली. दिवेलागणीला ती दारात बसायची आणि गावातल्या घराघराचं नाव घ्यायची. वेशीपासून सुरू करायची, ओढ्यापाशी संपवायची. मागायची काहीच नाही. म्हणायची, "काय पायजे ते त्याला ठावं हाय. आपण निस्तं नाव त्याच्या कानावर घालायचं."

या नावांत वीरप्पा पाटलाचंही नाव यायचं, आणि तिथंच प्रेमाबाईचं मन अडलं होतं.

पंचेचाळीस साली पटकीची साथ आली आणि शिमोनला सकाळीच उलट्या सुरू झाल्या. ओढ्याचं पाणी तेव्हा गढूळ आणि हिरवं पडलेलं. प्रेमाबाई घागर घेऊन पाटलाच्या आडावर गेली. अस्पृश्य मानलेल्या तिच्या घरच्यांनी आडाला हात लावायची रीत नव्हती, म्हणून ती लांब उभी राहिली आणि वरून कुणी दोन पोहरे ओतावे एवढंच म्हणाली. वीरप्पा पाटील ओसरीवरच होता. त्यानं नको म्हणून हात हलवला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिमोन वारला. त्या पाण्यानं तो वाचलाच असता असं नाही, हे तिलाही कळत होतं. पण त्या दिवसापासून तिनं प्रार्थना सोडली. संध्याकाळी सासू दारात बसली की ती जळण आणायचं निमित्त काढून माळावर निघून जायची. अठ्ठावीस वर्षांची बाई, मूलबाळ नाही, आणि छातीत सदा एक गोळा अडकलेला. झोपेतही दात खात असते, असं सासू सांगायची.

सत्तेचाळीस साल उलटलं तरी आमच्या भागावर निजामाचंच राज्य होतं. बार्शीला स्वातंत्र्य आलेलं, आणि दहा कोसांवर आम्ही रझाकारांच्या धाकात. अठ्ठेचाळीसच्या चैत्रात शेजारची एक वाडी त्यांनी जाळली. दुसऱ्या दिवशी गावानं ठरवलं, सरहद्द ओलांडून बार्शीच्या बाजूला छावणीत जायचं. त्याआधीच्या हिवाळ्यात गजराबाई पडली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ती बाजेवरच होती. महालिंगप्पांनी आपल्या गाडीत दोघींना जागा केली, खाली कडब्याच्या पेंढ्या पसरल्या. पण गाडी वेशीपर्यंतही गेली नाही. प्रत्येक धक्क्याला म्हातारी अशी ओरडायची की बैल बुजायला लागले. शेवटी तिला उतरवून परत घरी आणलं.

गजराबाई सुनेला जा म्हणाली. प्रेमाबाईनं गाठोडं सोडून भांडी जागेवर ठेवली आणि चूल पेटवली. तेच तिचं उत्तर.

जाताना महालिंगप्पा परत आले. त्यांची म्हैस गाभण होती, दिवस भरत आलेले, चालणं शक्य नव्हतं. त्यांनी घराची किल्ली प्रेमाबाईच्या समोर धरली. या बाईनं आजवर त्यांच्या घरच्या जात्याला अंगणात बसूनच टाकी लावली होती. उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पडलं नव्हतं. ते म्हणाले, "कडबा आतल्या खोलीत हाय, ज्वारीची कणगी बी. तुमाला लागंल तेवढी घ्या." आजोबांनी मला सांगितलं, किल्ली देताना त्यांना तिच्याकडं बघवलं नाही.

गाव रिकामं झालं. मागं राहिल्या या दोघी आणि मौलाभाई पिंजारी. मौलाभाईंची बायको कधीच वारली होती, लेक परांड्याला दिलेली. साठीचा माणूस, कापूस पिंजून दमा लागलेला. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, मला कोण काय करणार. पण खरं तर त्यांनाही जायला ठिकाण नव्हतं.

पहिले आठ दिवस प्रेमाबाईला फार जड गेले. रिकाम्या गावाचा आवाज वेगळाच असतो, ती सांगायची. कवाडं वाऱ्यानं वाजतात, मागं राहिलेली कुत्री दारोदार हिंडून परत येतात. पान पडलं तरी ती उठून वेशीकडं बघायची. ती सकाळी म्हशीला कडबा घालायची, मोकाट सुटलेल्या दोन गायींना ओढ्यावर न्यायची, मौलाभाईंना भाकरी द्यायची आणि बाकी वेळ उगाच जात्याच्या तळीवर टाकी मारत बसायची. दळायला कुणी नव्हतं, पण हात थांबले की भीती वर यायची.

त्यातच गजराबाईची जीभ जड व्हायला लागली. एका संध्याकाळी नावं घेता घेता ती मधेच अडली. कुंभारवाड्यापर्यंत आली आणि पुढचं आठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दुखण्यात ती रडली नव्हती.

"पोरी, पुढचं तू म्हण," ती म्हणाली.

"मला न्हाय जमायचं, आत्याबाई. माजा त्याच्यावर इस्वास ऱ्हायला न्हाय."

"इस्वास माजा हाय. तू निस्ती नावं घे. गाव सुनं पडलंय, कुणीतरी त्यांची नावं घ्याया नकोत का?"

म्हातारीचं मन राखायचं म्हणून प्रेमाबाई बसली. कुंभारवाडा संपला, वाणी आळी झाली. महालिंगप्पा, त्यांची नागम्मा, चार लेकरं. ज्यांच्या अंगणात ती वर्षानुवर्षं बसली होती त्यांची तोंडं डोळ्यांपुढं आली. कोण छावणीत आजारी असेल, कुणाची बाळंतपणातून सुटका झाली असेल. वीरप्पा पाटलाच्या वाड्यापाशी ती थांबली. मग ते घर सोडून पुढं गेली. सासूला ते कळलं. असं रोज चाललं. रोज तेवढं एक घर गळायचं.

म्हैस व्याली, पारडी झाली. गजराबाईला खरवस मिळाला, मौलाभाईंना मिळाला. त्या दिवशी तिघं पहिल्यांदा हसले.

वैशाखातल्या एका सकाळी रझाकार आले. दहा-बारा जण, खाकी कपडे, बंदुका, म्होरक्या घोड्यावर. मौलाभाई पुढं झाले आणि त्यांनी गावात एक अधू म्हातारी आणि तिची सून एवढंच आहे, असं सांगितलं. रझाकारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाटलाच्या वाड्याचं कुलूप तोडून धान्य काढलं, गंजी पेटवली. मौलाभाई मधे बोलायला गेले, तर बंदुकीचा दस्ता त्यांच्या खांद्यावर बसला. प्रेमाबाई आपल्या दारात उभी होती. पळून जावं तर आत सासू. तेवढ्यात तिशीतला एक दाढीवाला माणूस तिला बाजूला सारून आत शिरला.

आत काही नव्हतंच. एक बाज, दोन मडकी, कोपऱ्यात हत्यारं. तो हत्यारांकडं वाकला तेव्हा गजराबाई बाजेवरून म्हणाली, "बाबा, तुजं नाव काय?"

तो दचकला. अशा घरांत लोक रडतात, पाया पडतात, शिव्याशाप देतात; नाव कुणी विचारत नाही. त्यानं दरडावून कशाला म्हणून विचारलं.

"सांजच्याला देवाजवळ सगळ्यांची नावं घेती मी. तू घरात आलास, तुजं घ्याया नको?"

तो हळू म्हणाला, "दस्तगीर." आणि हत्यारांना हात न लावता बाहेर पडला. उन्हं चढायच्या आत ती टोळी निघून गेली.

प्रेमाबाई दुपारभर मौलाभाईंच्या खांद्याला हळद-तेल लावत होती. संध्याकाळी नावं घ्यायची वेळ आली. वेशीपासून ओढ्यापर्यंत सगळी झाली, नेहमीसारखं पाटलाचं घर सोडून. मग सासू म्हणाली, "आणि त्यो दस्तगीर."

प्रेमाबाई संतापली. गाव लुटणाऱ्याचं नाव ती का म्हणून घेईल. सासू एवढंच बोलली की तिच्या येशूला मारणारेही नावागावाचेच लोक होते, आणि मरताना त्यानं त्यांच्याचसाठी क्षमा मागितली. तो आपल्याला जमेल तेवढंच सांगतो, आणि जमत नसेल तिथं स्वतः उभा राहतो. मग ती डोळे मिटून पडून राहिली.

पुढं काय झालं ते प्रेमाबाईनं मला फार साध्या शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ दारात बसली. पाटलाच्या वाड्याकडं अजून धूर दिसत होता. त्याची गंजी जळताना आपल्याला आतून बरं वाटलं होतं, हे तिला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मग तिनं दस्तगीरचं नाव घेतलं. आणि ते घेतल्यावर वीरप्पा पाटलाचंही आपोआप तोंडातून निघालं. "काय दिसलं न्हाय, काय ऐकू आलं न्हाय," ती म्हणाली. "निस्तं श्वास खालपतोर गेला. तीन वर्सांत गेला नव्हता." त्यानंतर ती रडली आणि शिमोन गेल्यापासून पहिल्यांदाच, स्वतःच्या शब्दांत, येशूशी बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

भीती गेली असं नाही. कुत्रं भुंकलं की ती दचकायचीच. पण छातीतला गोळा परत आला नाही. टाकी मारताना आता ती शिमोन म्हणायचा ती गाणी गुणगुणायची. मौलाभाईंनी ते ऐकलं आणि सांगितलं की, बेटी, आता गाव रिकामं वाटत नाही.

गौरी-गणपती होऊन गेले आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. भारताचं लष्कर आलं, रझाकार पांगले. लोक छावणीतून परतायला लागले. महालिंगप्पा पहिल्या गाड्यांत होते. पण त्यांच्याआधी दुसरेच लोक आले. लांबच्या गावांतले पंधरा-वीस जण, हातात काठ्या-कुऱ्हाडी. रझाकारांचा सूड म्हणून त्यांना मुसलमानाचं घर हवं होतं.

प्रेमाबाई ओढ्यावरून येत होती. तिनं घागर खाली ठेवली, सरळ मौलाभाईंच्या घराकडं गेली आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसली. आत मौलाभाईंचा खोकला ऐकू येत होता. पुढच्या माणसानं तिला ऊठ म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "हे म्हातारं आमच्यापायी दस्ता खाऊन बसलंय. पाच महिने गावात आमी तिघं होतो. तुमी कुठं होता?"

कुणीतरी तिला बाजूला ओढायला हात लावला. ती जोत्याला धरून बसली. तेवढ्यात महालिंगप्पांची गाडी वेशीतून आत आली. त्यांनी काय चाललंय ते पाहिलं, गाडीतून उतरले आणि तिच्या शेजारी, त्याच उंबऱ्यावर बसले. वाणी आळीतला मानाचा माणूस आणि ओढ्याकाठची बाई एका उंबऱ्यावर. मागून आलेल्या गाड्यांतले लोकही एकेक करून अंगणात उभे राहिले. आलेल्यांनी थोडी शिवीगाळ केली आणि ते दुसरीकडं वळले. मौलाभाई त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि त्याच घरात वारले.

गजराबाई दिवाळीनंतर गेली. गाव भरलेलं होतं, सगळ्यांचे आवाज कानावर पडत होते, अशा सकाळी. पाळकसाहेब यायला दुपार झाली. तोवर माळावर खड्डा खणायला वाणी आळीतले दोघं आणि कुंभारवाड्यातले तिघं गेले होते. मौलाभाईंनी खाली अंथरायला नवा कापूस पिंजून दिला. वीरप्पा पाटील आला नाही. त्यानं त्या पाण्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि प्रेमाबाईनंही त्याची वाट पाहिली नाही. त्याच्या घरच्या जात्याला ती पुढंही टाकी लावत राहिली.

पाळकसाहेबांनी तिला बार्शीला दवाखान्यात कामाला येतेस का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. पण एक मागणी केली. तिला वाचायला शिकायचं होतं. मग एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात साहेबांनी पाटी आणि अंकलिपी आणून दिली. गावात शाळा सुरू झाली तेव्हा माझी आई पहिल्या वर्गात होती, आणि बत्तीस वर्षांची प्रेमाबाई टाकीची कामं आटोपून मागच्या भिंतीशी बसायची. आई सांगते, जोडाक्षरांपाशी ती फार अडायची आणि स्वतःलाच हसायची.

पुढच्या नाताळला तिच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. तिनं येशूच्या जन्माची गोष्ट स्वतः वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश. मधे ती चुकली, थांबली, मागं गेली आणि पुन्हा वाचली. कुणालाही घाई नव्हती. मौलाभाई भिंतीला टेकून ऐकत होते, आणि महालिंगप्पा, माझे आजोबा, तिच्या घरच्या बाजेवर बसले होते.