तुतीच्या तुकड्यातले बुडबुडे

पोरीच्या पातेल्याचं झाकण एक दिवस तिच्या तोंडावर फुटेल, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. पोरगी दूरच्या शहरात नोकरीला. ऑफिसातून आली की ओट्यावर स्वयंपाक कमी आणि खुडबूडच जास्त. वडील तिला खटपटी म्हणायचे. आता म्हणायला ते नव्हते.

सध्याची खटपट त्यांच्यासाठीच होती. सुतारकामाच्या त्यांच्या लाडक्या पटाशीची मूठ फुटलेली. अंगणातली वठलेली तुती पाडली, तेव्हा खोडाचा एक तुकडा तेवढा वाचला, तोही भुसभुशीत. तो आईनं पोरीकडे पाठवून दिला. त्याला रेझिन, म्हणजे नंतर दगडासारखा घट्ट होणारा चिकट द्रव, पाजून कडक करायचं आणि मूठ घडवायची, असं पोरीनं मनावर घेतलं. जाड स्टीलचं पातेलं, भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि रबरी नळी जोडून तिनं हवा ओढणारं यंत्र घरीच बनवलं. लाकूड रेझिनमध्ये बुडवून हवा ओढली की लाकडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की हवा परत सोडायची. मग रेझिन लाकडाच्या पोटात शिरतं.

"झाकण काचेचं नाही ना गं?"

"ॲक्रिलिकचं आहे, बोटभर जाड. तू वर उभी राहिलीस तरी फुटायचं नाही."

"माझ्या वजनावर जाऊ नकोस. येणार कधी ते सांग."

"मूठ झाली की त्याच दिवशी निघते. पटाशीला मीच बसवणार."

त्या दिवसापासून आई रोज पोरीच्या खोलीची खिडकी उघडून ठेवत होती.

आज दुपारी व्हिडिओ आला. तुकड्यातून बुडबुड्यांची धार लागलेली. मागून पोरीचा आवाज, "काल रात्रीपासून थांबायचं नाव नाही! झाकणाच्या रबरातून हवा शिरतेय बहुतेक. जेवते, मग उघडून रबर बदलते. रविवारी दारात उभी राहते बघ!"

रविवार ऐकून आई हसली. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला, आणि बुडबुड्यांवरच थांबवला. हवा काढली की गार पाणीही उकळतं, हे ती कॉलेजात शिकली होती. ती हवा नव्हतीच, लाकडातल्या पाण्याची वाफ होती. लेकीच्या ओट्यावर माती नको म्हणून, पाठवण्याआधी तिनं तो वाळका तुकडा नळाखाली धरून ब्रशनं घासघासून धुतला होता आणि ओलाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला होता.

आता झाकण उघडलं की रेझिन आत शिरणार आणि पाणी आतच कोंडणार. मूठ चिकट राहणार, पहिल्याच ठोक्याला भुगा. दुसरा तुकडा आणायचा कुठून? पण सांगितलं तर पाणी निघेपर्यंत पंप चालवत बसायचं, आणि त्याला किती दिवस लागतील देव जाणे. रविवार गेलाच.

गप्प बसलं तर लेक येईल. येईल, आणि पटाशीला मूठ बसवताना तिचं तोंड एवढंसं होईल.

मेसेज टाकला तर जेवताना ती बघायची नाही. आईनं चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. लेकीनं झाकण उघडायच्या आत सांगायला हवं होतं; तिनं नंबर लावला.