पथ्य कुणी मोडलं

दोन हजार एक साली मी रत्नागिरीतल्या एका लहान खाजगी हॉस्पिटलात नर्स होते. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह माझ्या ताब्यात असे. पावसाळ्यात त्याच्या झाकणाचं रबर फाटलं. वाफ बाजूने निसटायची आणि कापडं दमट निघायची. दमट कापड निर्जंतुक धरायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी डॉक्टरांना सांगितलं.

"रबर मुंबईहून यायचंय. तोवर जरा जास्त वेळ ठेवा," ते म्हणाले.

मी जास्त वेळ ठेवलं. कापडं दमटच निघाली. ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीत मात्र 'ठीक' लिहिलं.

त्याच आठवड्यात लांज्याकडच्या एका पहिलटकरणीचं सिझेरियन झालं. जेमतेम बाविशीची पोर. मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तर टाक्यांतून पू येत होता.

नवरा मुंबईहून आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "घरून डब्यात काय येतं?"

सासू चटकन म्हणाली, "परवा सुकट खाल्लीन हिने. मी नको म्हटलं होतं."

"मग टाके पिकणारच," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याने सगळ्या वॉर्डसमोर बायकोला झापलं. मी ट्रे धरून तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी जखम धुताना तिने उशीचा कोपरा दातांत धरला होता. तो सोडून म्हणाली, "सिस्टर, एवढीशी सुकट होती हो."

मला राहवलं नाही. "सुकटीने काही झालेलं नाही. कापडं नीट निर्जंतुक नव्हती. चूक आमची आहे."

ती म्हणाली, "मग हे ह्यांना सांगा ना."

नवरा आणि सासू बाहेर बाकावर होते. बाळ सासूच्या मांडीवर झोपलेलं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय, सिस्टर?" नवऱ्याने विचारलं.

"चादर बदलायचीय," मी म्हणाले. "घरची एखादी आणून ठेवा."

ती महिनाभर राहिली. टाके पुन्हा घालावे लागले. अंगावरचं दूध आटलं, बाळाला डब्याची पावडर सुरू झाली. रजा संपली तसा नवरा मुंबईला गेला. मी ड्रेसिंगला गेले की ती भिंतीकडे तोंड करायची. घरी जाताना पोटावर हात दाबून, वाकून रिक्षात बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

त्या हॉस्पिटलात मी आणखी चार वर्षं नोकरी केली.