अण्णांच्या हाताला पाठ असलेला पडदा

माझे वडील, अण्णा, शब्दकोडी रचतात. नजर आता अधू झाली आहे, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठे काय आहे ते त्यांच्या हाताला पाठ आहे. हल्ली तो जुना कॉम्प्युटर सारखा अडकायचा. भाऊ म्हणाला, "नवीनच घेऊ या." अण्णा त्या दिवशी जेवले निम्मंच. नव्या पडद्यावर ते चाचपडत राहिले असते.

मग मी फक्त आतली एसएसडी, म्हणजे सगळं साठवून ठेवणारी डिस्क, बदलायचं ठरवलं. जुनी लहान होती, काठोकाठ भरलेली. तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं मोठ्या, नव्या एसएसडीवर उतरवून घेतलं आणि रविवारी सकाळी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं.

"जमेल ना गं?" शेजारी बसलेल्या अण्णांनी विचारलं.

"जमणारच, अण्णा," मी म्हणाले, आणि मला खरंच तसं वाटत होतं.

नवी एसएसडी बसवून बटण दाबलं, तर अण्णांनी चष्मा सारखा करेपर्यंत पडदा उजळलासुद्धा. त्यांचा हात सवयीने डाव्या कोपऱ्याकडे गेला. अर्धवट राहिलेलं कोडं उघडलं.

"अगं, तू तर काहीच बदललं नाहीस!"

इतकी मोठी शाबासकी मला क्वचितच मिळाली असेल. आपल्या माणसासाठी काही बदल असेच करावेत, त्याच्या हाताला कळूही न देता.

मी आणखी काही सांगणार होते, पण अण्णा पडद्याकडे वाकले होते.

"बरं, आता जा तू," ते म्हणाले, "मला काम आहे."