कार्ल्याच्या माणसाची सायकल सरकारजमा

"मास्तर, ही सायकल आता सरकारची झाली," बर्वे म्हणाले आणि हँडलला लटकलेला टॅग त्यांनी दोन बोटांनी उचलून मला दाखवला.

टॅगवरचं इंग्रजी मी शिकवलेलं होतं. अक्षर म्हादूचं होतं. सायकलही म्हादूचीच. पण ती उभी होती बर्व्यांच्या गोडाऊनमध्ये, एका बाजूला ताडपत्र्यांची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला घमेल्यांची चळत.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी लोणावळ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, तुंगार्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि आपल्यासारखा शिक्षक घाटाच्या वर-खाली कुठे नाही अशा समजात होतो. देहूरोडच्या एका लष्करी डेपोतल्या मजुरांना स्टोअरकीपरच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी दुपारी डेपोतल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये क्लास. बारा विद्यार्थी. त्यातला म्हादू कार्ल्याचा. आठवडाभर तो देहूरोडला राहायचा आणि शनिवारी क्लास सुटला की सायकलवर टांग टाकून घरी निघायचा. परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. तिसरी खेप शेवटची. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पोती उचलायची.

त्या शनिवारी विषय होता मालकी. इंग्रजीत 'म्हादूची सायकल' म्हणणं सोपं. म्हादूच्या नावाला शेवटी 'स'चा एक शेपटा लावायचा, झालं. पंचाईत होते मालकाचं नाव माहीत नसलं की. मराठीत आपण 'कार्ल्याहून येणाऱ्या माणसाची सायकल' म्हणतो आणि सुटतो. माणसाबद्दलची सगळी माहिती त्याच्या पुढे चालते आणि 'ची' नेमकी माणसालाच चिकटते. इंग्रजीत माहिती माणसाच्या मागे लोंबकळते: दि मॅन हू कम्स फ्रॉम कार्ला. आता तो शेपटा शेवटी लावला तर तो माणसाला न चिकटता कार्ल्याला चिकटतो आणि सायकल गावाच्या मालकीची होते. म्हणून लिहिताना शेपूट सोडायचं, 'ऑफ' वापरायचं आणि वस्तू आधी सांगून टाकायची: दि बायसिकल ऑफ दि मॅन हू कम्स फ्रॉम कार्ला.

हे मी तीनदा फळ्यावर लिहिलं. बारा चेहरे कोरे. तेव्हा मला प्रात्यक्षिकाची लहर आली. शेडच्या कोपऱ्यात टॅगांचा गठ्ठा पडला होता. टॅग म्हणजे तपकिरी पुठ्ठ्याची चिठ्ठी, एका टोकाला भोक, भोकात सुतळी. मी तो गठ्ठा वाटला आणि सांगितलं, "आपापल्या वस्तूवर वाक्य लिहून बांधा."

शेडमध्ये जान आली. छत्रीला टॅग, डब्याला टॅग, एकाने तर टोपीला बांधला. म्हादू सायकल थेट आत घेऊन आला. त्याचं वाक्य पहिल्या फटक्यात बरोबर निघालं. मी त्याची पाठ थोपटली. घरी जाताना बाकी सगळ्यांनी टॅग सोडून टाकले. म्हादूने सोडला नाही.

डेपोत एक रीत होती. ती बाराही जणांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती फक्त शिकवणाऱ्याला. ज्या वस्तूला टॅग, ती सरकारी माल. सरकारी माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही. गेटवरच्या हवालदाराने टॅग पाहिला, पास मागितला, पास नव्हता. त्याने सायकल जप्त केली आणि रजिस्टरात लिहिलं की मजूर म्हादू टॅग लावलेली सायकल बाहेर नेताना सापडला.

मला हे कळलं मंगळवारी, म्हादू लोणावळ्याला शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा.

"अरे, तुला टॅगचं माहीत होतं ना? मग सोडला का नाहीस?"

"गुरुजी, पयल्यांदाच विंग्रजी बरूबर आलं हुतं. म्हनलं, घरी न्हेऊन बायकूला दावावं."

"मग सायकल देतील परत. त्यात काय एवढं?"

"सायकल जाऊ द्या वो. चवकशी लावलीया. चवकशी असंल तर परीक्षेला बसू देत न्हाईत. परीक्षा शनवारी हाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी देहूरोड गाठलं. बर्वे तिथले मुख्य स्टोअरकीपर. पुण्याहून येत आणि पुणं सोबत घेऊन येत.

"अहो बर्वे, टॅगवरच लिहिलंय की सायकल कुणाची आहे ते."

"वाचलं. कार्ल्याहून येणाऱ्या माणसाची. आमच्याकडे कार्ल्याचे सहा आहेत. आणि त्या टॅगवर काय लिहिलंय याला इथे महत्त्व नाही, मास्तर. टॅग आहे याला महत्त्व आहे. तुम्ही उद्या मेजरसाहेबांच्या टोपीला बांधलात तर तीसुद्धा मी जमा करून घेईन."

"आता उपाय?"

"टॅग तुम्ही वाटलेत. अर्ज लिहा. इंग्रजीत. इंग्रजी येतं ना?"

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. दोन डोळे वटारलेले बर्व्यांचे, दोन काकुळतीचे म्हादूचे. अर्ज घेऊन आम्ही तिघे मेजरसाहेबांपुढे उभे राहिलो. साहेब डेपोचे प्रमुख, उत्तरेकडचे. त्यांनी वाचलं, थांबले, परत वाचलं.

"मास्टरजी, ये सॅटर्डे कौन है?"

"जी?"

"आपने लिखा है, सॅटर्डे की सायकिल. बुलाओ उसको."

मी कागद बघितला. 'दर शनिवारी माझ्या क्लासला येणाऱ्या मजुराची सायकल' असं मला म्हणायचं होतं. घाईत मी शेपटा नेऊन शेवटच्या शब्दाला लावला होता आणि तो शब्द होता शनिवार. म्हादू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. हळूच म्हणाला, "गुरुजी, ऱ्हायलं का वो आपलं ऑफ?"

साहेब हसले. त्यांनी अर्जावर शेरा मारला. त्याचा अर्थ बर्व्यांनी बाहेर आल्यावर आनंदाने समजावून सांगितला: शिक्षकाचा गलथानपणा अर्जावरूनच सिद्ध होतो, सबब मजुराची चौकशी रद्द.

म्हादू सुटला. सायकल नाही सुटली. ती बर्व्यांच्या खात्यावर चढली होती. चढलेली वस्तू उतरवायची एकच वाट, ती निकामी ठरवायची. त्यासाठी तीन माणसांचं बोर्ड बसवावं लागे. तिसरा सभासद रजेवर होता.

"मास्तर, तुम्ही बसा. नाहीतरी तुमचंच पाप आहे."

असा मी लष्करी बोर्डाचा सभासद झालो. म्हादूला सायकल धरून उभं केलं. बर्वे लिहू लागले.

"टायर?"

"नवीन हाईत साहेब, आत्ता दिवाळीत—"

"टायर झिजलेले. ब्रेक?"

"बिरेक तर असा लागतुया, कामशेतच्या उतारावर सुदिक—"

"म्हादू, तुला सायकल हवी आहे ना? मग तोंड बंद. ब्रेक नादुरुस्त. घंटी?"

तोंड बंद ठेवून म्हादूने घंटी वाजवली. साऱ्या गोडाऊनमध्ये घुमली.

"घंटी मुकी," बर्व्यांनी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. म्हादूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या सख्ख्या बैलाला लंगडा म्हणालो.

मग सायकलवर लाल रंगाची फुली मारून ती गेटबाहेरच्या भंगाराच्या खड्ड्यात टाकली. म्हादू खड्ड्यापाशी आधीच जाऊन उभा होता. पुढे कित्येक वर्षं ती फुलीची सायकल मी हायवेला बघितली, निकामी टायरांवर भन्नाट पळताना.

शनिवारी म्हादू परीक्षेला बसला आणि पास झाला. मालकीच्या प्रश्नात त्याने एकदाही शेपूट वापरलं नाही, सगळीकडे ऑफ.

काही वर्षांनी कामानिमित्त मी त्या डेपोत गेलो. बर्वे निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत म्हादू. चहा झाला, गप्पा झाल्या, मी निघालो आणि छत्री तिथेच विसरलो. पुढच्या आठवड्यात आणायला गेलो तर ती ताडपत्र्यांच्या थप्पीवर आडवी, मुठीला टॅग. दि अंब्रेला ऑफ दि टीचर हू फर्गेट्स थिंग्ज.

मी वाक्य दोनदा तपासलं. चूक सापडेना.

"म्हादू, नेऊ का रे छत्री?"

"न्ह्या की गुरुजी. पन टॅग लागलाय न्हवं." त्याने ड्रॉवर उघडला. "बोर्ड बसवावं लागंल."

शिकवताना एवढंच पाळावं. उदाहरणासाठी घ्यायची वस्तू आपली नसावी, आणि विद्यार्थ्याची तर मुळीच नसावी. छत्री मोडकी ठरली. सही मीच केली.