आत उभं राहण्याचा सौदा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझी लेक सायखेड्याच्या सासरहून सातव्या महिन्यात इंदिरानगरला माझ्याकडे आली. खाजगी दवाखाना परवडणारा नव्हता. सरकारीत नाव घातलं, त्या दिवशी तिने माझ्याकडे एकच मागितलं.

"आई, तू आत राहशील ना? मला एकटीला नको टाकू."

तिची भीती मला ठाऊक होती. माझ्या वेळी मी कळांनी ओरडले म्हणून नर्सने मांडीवर चापट्या मारल्या होत्या. ती गोष्ट घरात कितीदा तरी निघाली होती.

"राहीन. कोण अडवतंय बघू," मी म्हणाले.

रस्त्याकडेला मेथीच्या जुड्या विकता विकता मी बाजारात स्वतःचा ओटा मिळवला होता. तोंड चालवल्याशिवाय मला कधी काही मिळालं नव्हतं. दवाखान्यातही तोंडच कामाला येईल, असं वाटलं.

सकाळी कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या खोलीत टेबलं दोन आणि सिस्टर एक. व्हरांड्यात बाया घरून आणलेल्या गोधड्यांवर बसून कण्हत होत्या. सिस्टरने लेकीला आत घेतलं आणि मला दारातच अडवलं.

"मावशी, बाहेर थांबा. हा बाजार नाही."

"बाजार असता तर बरं झालं असतं. तिथं गिऱ्हाइकाला कुणी उभं तरी राहू देतं."

सिस्टर हसली नाही. मी राग गिळला आणि आत नजर फिरवली. लेकीला सलाइन लावायची होती, पण स्टँड दुसऱ्या बाईकडे होता. सिस्टर एका हाताने बाटली उंच धरून दुसऱ्या हाताने चिकटपट्टी शोधत होती.

"बाटली मी धरते," मी म्हणाले. "तुमचा हात मोकळा होईल. तोंडातून शब्द काढणार नाही. फक्त पोरीवर हात उचलायचा नाही."

"हात दुखला म्हणून मधेच सोडाल."

"डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहिल्यात बाई मी. बाटलीचं काय वजन?"

तिने विचार केला आणि बाटली माझ्या हातात दिली.

मी शब्द पाळला. हात बदलत उभी राहिले, गप्प. लेक माझ्याकडे बघत कळा देत होती. शेजारच्या टेबलावरची बाई किंचाळली तेव्हा सिस्टर तिच्यावर खेकसली, पण माझ्या लेकीला काही बोलली नाही. सौदा दोन्हीकडून नीट चालला होता.

दुपारी ड्यूटी बदलली. नवी सिस्टर आत आली आणि मला बघून तिने आयांना हाक मारली.

"ही कोण? काढा बाहेर."

"त्या सिस्टरशी बोलणं झालंय," मी म्हणाले.

"माझ्याशी नाही झालं."

पहिली सिस्टर हात धुत होती. तिने मान वर केली नाही. मी आवाज चढवला, मग दोघी आया दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेल्या. नव्या सिस्टरने बाटली खिडकीच्या कडीला अडकवली. दाराला आतून कडी लागली. दोघी सिस्टर आतल्या दाराने शेजारच्या खोलीत चार्ज द्यायला-घ्यायला गेल्या, हे लेकीने मागून सांगितलं.

थोड्या वेळाने लेकीची हाक आली. "आई, येतंय! कुणीतरी या!"

मी दार बडवलं. बाहेरची आया म्हणाली, "पहिलटकरणी अशाच ओरडतात."

दार उघडलं तेव्हा बाळ टेबलावर आलेलं होतं. मानेभोवती नाळ, अंग निळं. बाटली संपून नळीत रक्त चढलं होतं. मुलगी होती. सिस्टरने तिला पालथी धरून पाठ चोळली, डॉक्टर धावत आले, पण ती रडली नाही.

डॉक्टर मला म्हणाले, "आणायला उशीर केलात."

"सकाळपासून इथंच आहे ती," मी ओरडले. माझ्याकडे वळून बघायलाही कुणी थांबलं नाही. पुढे मी चकरा मारल्या, वरच्या साहेबांपर्यंत गेले. जो तो म्हणे, नातेवाईकांना आत सोडायचा नियम नाही. खोलीत त्या वेळी कोण होतं, हे मात्र कुणी सांगेना.

काही वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. आम्ही दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होतो. दुपटी, टॉवेल, चहाचा थर्मास.

"आई, आत राहशील ना?" तिने विचारलं.

मी दुपट्याची घडी मोडली, पुन्हा घातली. तिने ते दुपटं माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं आणि चेन लावली.