शेवटच्या दालनातला बाक

परदेशातल्या त्या शहरात मी एकटाच राहायचो. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतिसंग्रहालयाचे नकाशे काढायचं काम होतं. शेवटचं दालन माझ्याकडे होतं. आत येणाऱ्याला धास्ती वाटावी म्हणून ते मी मुद्दाम अरुंद, अंधारं केलं होतं.

एका दुपारी छळछावणीतून वाचलेल्या एक आजी आमच्या कचेरीत संग्रहालयाची पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहायला आल्या. चष्मा सावरून त्या बराच वेळ त्या दालनात डोकावत राहिल्या.

"इथे बसायला काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"इथे कुणी थांबणार नाही. लोक पुढे जातील."

"मी थांबेन. माझ्या आईची कबर कुठेच नाही. तिच्याशी बोलायला कुठेतरी बसायला हवं ना?"

महिनोन्‌महिने मी भीतीचाच विचार करत होतो. ज्यांना मूठभर मातीही मिळाली नाही, त्यांच्या माणसांनी भेटायला जायचं कुठे, हे मनातही आलं नव्हतं.

"घरचे किती जण येतील?" मी पेन्सिल उचलत विचारलं.

"मी एकटीच."

त्या गेल्यावर मी नकाशावर भिंत मागे सरकवली, एक खिडकी काढली आणि तिच्याखाली दोघींपुरता बाक आखला.